तंबाखूच्या जुन्या पाईपच्या आतल्या एअरवेला (धुराच्या वाटेला) पॉलिश: करावं का, कुठे आणि कसं?

धूम्ररेखा

नमस्कार मंडळी.

एक सरळ, बिलियर्ड आकाराचा, ब्रायर लाकडाचा पाईप सध्या दुरुस्तीला घेतलाय. स्टेम (तोंडात धरायची नळी) एबोनाईटचं (कडक, काळ्या रबराचं) आहे, आत फिल्टर नाही. बाहेरचं काम जवळपास संपलंय. वाटीतला कोळशाचा जाड थर उतरवला, वरची जळकी कड सारखी केली, स्टेमवर चढलेला हिरवट-तपकिरी थर घालवला आणि मूळचा काळाभोर रंग परत आला. आतून मात्र पाईप अजून जुनाच वाटतो.

दांड्याच्या (वाटीला जोडलेल्या लाकडी नळीच्या) बाजूने क्लीनर (कापूस गुंडाळलेली तार) सुरळीत जातो. स्टेमच्या तोंडाकडून घातला की पहिल्या इंचभरातच अडतो. थोडं फिरवून, ढकलून पुढे गेला तरी बाहेर येताना कापसाचे तंतू आत सोडून येतो. रिकामा पाईप ओढून पाहिला तर बारीक शीळ ऐकू येते. आधीच्या मालकाकडे हा पाईप ओढताना गुडगुडायचा, असंही कळलंय.

बरेच जण बाहेर १२००० ग्रिटपर्यंत (पेपरचा क्रमांक, जितका मोठा तितका बारीक) घासतात आणि आत एक क्लीनर फिरवून काम संपवतात. मला ते पटत नाही, कारण धूर ज्या वाटेने येतो ती वाट म्हणजेच पाईप. म्हणून विचारतोय: एअरवेला आतून पॉलिश केल्याने ओढ खरंच सुधारते का? स्टेमपुरतंच करावं की लाकडातल्या भोकालाही? आणि एवढ्या अरुंद जागेत घासायचं कशाने? ज्यांनी हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

रंधा

चांगला विषय. पॉलिशच्या आधी एक गोष्ट तपासा: जो खरखरीतपणा लागतोय तो एबोनाईटचा आहे की कीटाचा (धुरातून साचलेल्या डांबरी थराचा)? जुन्या पाईपमध्ये निम्म्याहून जास्त वेळा तो वाळलेला कीटच असतो. तो थर काचेसारखा कडक होतो आणि हाताला अगदी मूळच्या पृष्ठभागासारखा लागतो. त्यावर पॉलिश चालवलं तर कीट गुळगुळीत होतो, बस्स.

ताठ केसांचे क्लीनर घ्या, साधे मऊ नकोत. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा पिण्यायोग्य प्रतीच्या तीव्र अल्कोहोलमध्ये बुडवून स्टेममधून फिरवा, दहाएक मिनिटं तसंच ठेवा, परत फिरवा. सुरुवातीचे क्लीनर काळे निघतील, मग तपकिरी, मग चहाच्या रंगाचे. पांढरा क्लीनर पांढराच बाहेर येईपर्यंत पॉलिशचा विचार करू नका. दांड्यासाठी नळीचा छोटा ब्रश चांगला. आणि भोकाच्याच मापाचा ड्रिल बिट बोटांनी फिरवायचा, यंत्रात लावून कधीही नाही. बिटच्या खोबणीत कीट भरून बाहेर येतो आणि भोकाचं माप बदलत नाही.

काही जण स्पिरिट उकळून त्याची वाफ पाईपमधून सोडतात. परिणाम उत्तम असतो, पण इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ चटकन पेट घेते. उघड्या ज्योतीवर हे करू नये. खिडक्या उघड्या ठेवून गरम पाण्याच्या भांड्यात नळी धरून केलं तर चालतं.

स्टेम काढताना पाईप पूर्ण थंड हवा. गरम असताना पिळून काढल्यामुळे दांडा चिरलेले पाईप दुरुस्तीला सारखे येतात.

---

अबोली

वाखुसा (वाचनखूण साठवली). धूम्ररेखा, धाग्याबद्दल धन्यवाद.

रंधा, हे अल्कोहोल अ‍ॅक्रिलिकच्या स्टेमला चालतं का? माझ्याकडे दोन पाईप आहेत, एकाचं स्टेम रंगीत अ‍ॅक्रिलिकचं आहे आणि दुसऱ्याचं बहुतेक शिंगाचं.

---

कानसवाला

धूम्ररेखा, तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून अडचण कुठे आहे ते जवळपास सांगता येतं. खात्री करायला खोलीतले दिवे बंद करा, टेननच्या (स्टेमच्या, दांड्यात बसणाऱ्या खुंट्याच्या) टोकाला मोबाईलचा टॉर्च लावा आणि तोंडाच्या फटीतून आत बघा. स्टेम हळूहळू फिरवा. चांगल्या स्टेममध्ये उजेड सलग पसरलेला दिसतो. कारखान्यात घाईने बनलेल्या स्टेममध्ये फटीच्या मागे आडवी काळी सावली दिसते. तीच तुमची शीळ.

ती कशी तयार होते ते समजलं की उपाय आपोआप कळतो. टेननच्या बाजूने निमुळता ड्रिल आत जातो आणि गोल भोक पाडतो. तोंडाच्या बाजूने वेगळ्या कटरने आडवी फट पाडतात. गोल भोक आणि चपटी फट जिथे भेटतात तिथे त्यांना पंख्यासारखं उघडत एकमेकांत मिसळायला हवं. ते हातकाम आहे आणि वेळखाऊ आहे, म्हणून वगळलं जातं. मग एक उंबरठा उरतो. क्लीनरचं टोक त्यालाच अडतं आणि कापूस त्याच्याच कडेवर फाटतो.

तेव्हा आधी कानस, मग पॉलिश. उंबरठा तसाच ठेवून त्याला चमकवण्यात काही अर्थ नाही.

मी असं करतो. सगळ्यात बारीक, चपटी सुई-कानस फटीतून आत घालून फक्त डाव्या-उजव्या बाजूचं एबोनाईट काढायचं. वर-खाली हात लावायचा नाही, कारण बटणाच्या (तोंडाकडच्या, दातांत धरायच्या उंचवट्याच्या) लगेच मागे स्टेमची एकूण जाडी साधारण ४ मिमी असते. त्यात फट दीड मिमीची धरली तर वर आणि खाली जेमतेम सव्वा-सव्वा मिमी भिंत उरते. तिथे कानस चालवली तर एक दिवस दात आरपार जातो. बाजूंना मात्र भरपूर माल असतो.

कानस जिथे पोहोचत नाही तिथे फीलर गेजची (फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांच्या साधनाची) पाती वापरतो. ०.३ किंवा ०.४ मिमीची पाती घ्यायची, तिच्या दोन्ही अंगांना पाण्यात चालणारा पॉलिश पेपर पातळ चिकटवायचा आणि कडा कात्रीने साफ करायच्या. पाती लवचिक असते, त्यामुळे फटीच्या आतल्या उताराबरोबर वाकते. ३२० ने आकार, ६०० ने ओरखडे, १००० ने सफाई. दर वेळी ओलं करूनच घासायचं. एबोनाईटमध्ये पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त गंधक असतं आणि त्याची कोरडी भुकटी नाकातोंडात जाणं बरं नाही. ओलं घासताना निघणारा तपकिरी चिखल मधूनमधून धुवून टाका, नाहीतर तोच ओरखडे पाडतो.

गोल भागासाठी सुती दोरा. चार-पाच पदरी मऊ सूत घ्या, एक टोक तारेला बांधून स्टेममधून ओवा, त्याला प्लास्टिकसाठीचं बारीक पॉलिश लावा, स्टेम शिकंज्यात कापड घालून हलकेच धरा आणि दोरा पुढे-मागे ओढा. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: दोरा एअरवेच्या रेषेतच ओढायचा. हात जरा खाली आला की ताणलेला दोरा बटणाच्या कडेवर घासतो आणि फटीच्या कोपऱ्यात खाच पाडतो. एबोनाईट त्यापुढे टिकत नाही. फटीची सरळ कड एकदा खाचली की बटणच परत घडवावं लागतं. म्हणून दर वीस-तीस ओढींनंतर थांबून भिंगातून कड बघावी.

फिरत्या यंत्राला ब्रश लावून आत घालू नये. आतली उष्णता बाहेर यायला वाट नसते. एबोनाईट तापलं की गंधकाचा वास येतो, आणि वाकवलेलं स्टेम असेल तर ते तापल्यावर मूळच्या सरळ आकाराकडे जायला लागतं.

पॉलिश कुठलं? पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन निघणारं. मेणाच्या किंवा चरबीच्या वडीतलं कंपाउंड बाहेरच्या चाकावर छान, आत नको, कारण ते आतल्या कोपऱ्यात बसतं आणि पहिल्या गरम धुराबरोबर चवीला येतं. हिरव्या क्रोमियम ऑक्साईडच्या वड्या तोंडात जाणाऱ्या वाटेपासून लांबच ठेवा.

शेवटी कोमट साबणपाणी, ताठ क्लीनर, स्वच्छ पाणी, मग कोरडा क्लीनर. उकळतं पाणी नको, एबोनाईट परत तपकिरी पडतं.

---

यंत्रविद्या

कानसवाला यांच्या प्रतिसादाला +१. ‘पॉलिशने ओढ सुधारते का’ या पहिल्या प्रश्नाकडे जरा आकड्यांतून बघू.

प्रयोगशाळेत सिगारेट तपासायच्या प्रमाणित पद्धतीत एक झुरका ३५ मिली, २ सेकंदांत घेतात. पाईप ओढणारा शांतपणे ओढतो, तरी तोच आकडा धरू. ४ मिमी व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ १२.६ चौरस मिमी. म्हणजे धूर सेकंदाला साधारण १.४ मीटर वेगाने जातो. यावरून रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खवळलेला ते सांगणारा आकडा) काढला तर तो चारशेच्या आत येतो. नळीतला प्रवाह खवळायला लागतो तो साधारण २३०० च्या पुढे. आपण त्याच्या बरेच खाली आहोत.

अशा शांत प्रवाहात भिंतीचा बारीक खडबडीतपणा रोधावर जवळजवळ काहीच परिणाम करत नाही. ६०० ग्रिटची भिंत आणि आरशासारखी भिंत यांत ओढीचा फरक जाणवणार नाही. ज्यांना पॉलिशनंतर ओढ मोकळी झाल्याचं जाणवतं त्यांच्या बाबतीत घासताना भोक किंवा फट मोठी झालेली असते, किंवा उंबरठा गेलेला असतो.

मापाचा परिणाम मात्र प्रचंड आहे. गोल नळीत रोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो: ३ मिमीचं भोक ४ मिमीच्या भोकापेक्षा तिपटीहून जास्त अडवतं. चपट्या फटीत तो उंचीच्या तिसऱ्या घाताने बदलतो: फटीची उंची अर्धी झाली की रोध आठपट. म्हणून सबंध पाईपमध्ये एखादीच चिंचोळी जागा असली तरी ओढ तीच ठरवते. क्षेत्रफळाने ४ मिमीच्या भोकाला साजेशी फट हवी तर दीड मिमी उंच आणि आठ-साडेआठ मिमी रुंद असा हिशेब येतो.

आता गुडगुडणं. तंबाखू जळताना पाण्याची वाफ तयार होते, शिवाय पानातला ओलावा असतोच. धुरातले थेंब हलके असेपर्यंत हवेबरोबर वळतात. वाट अचानक रुंदावली, अरुंद झाली किंवा वळली की जडसर थेंब वळू शकत नाहीत, भिंतीवर आपटतात आणि तिथेच राहतात. पन्हाळीच्या सांध्यात जसं पाणी साचून राहतं तसंच हे. पाईपमध्ये असा सांधा म्हणजे टेननचं टोक आणि मॉर्टिसचा (टेनन बसायच्या दांड्यातल्या भोकाचा) तळ यांमधली मोकळी जागा. मॉर्टिसचा व्यास ८ मिमी आणि एअरवेचा ४ मिमी असेल तर तिथे क्षेत्रफळ चौपट होतं, वेग पाववर येतो, धूर रेंगाळतो, थंड होतो आणि पाणी सोडतो.

धूम्ररेखा, व्हर्नियर कॅलिपरच्या मागची दांडी वापरून मॉर्टिसची खोली मोजा, मग टेननची लांबी मोजा. दोन्हींतला फरक कळवा. गुडगुडण्याचं मूळ तिथे असण्याची शक्यता मला फटीपेक्षा जास्त वाटते.

म्हणजे पॉलिश निरुपयोगी आहे का? नाही. खरखरीत भिंतीवर कीट धरून राहतो, क्लीनर त्याच्यावरून घसरतो आणि खळग्यांत जुना वास उरतो. गुळगुळीत भिंत एका क्लीनरने साफ होते. पॉलिशचा फायदा स्वच्छतेला आहे आणि तो रोज मिळणारा फायदा आहे.

---

जुन्यावस्तू

चर्चा छान चालली आहे, पण एक बाजू राहतेय ती मांडतो.

प्रत्येक जुना पाईप सुधारायचा नसतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या कित्येक पाईपांची आतली रचना हाच त्यांचा इतिहास आहे. डनहिलच्या जुन्या पाईपमध्ये अ‍ॅल्युमिनियमची बारीक नळी आत बसायची, तिचं पेटंट १९१२ चं. ती नळी एअरवेच्या ठरावीक मापातच बसते. कुणी आत ड्रिल फिरवून भोक मोकळं केलं की नळी सैल होते आणि पाईपचा एक भाग कायमचा बिनकामाचा होतो. केवुडीच्या पाईपमध्ये टेननच्या टोकाला चेंडूसारखा धातूचा भाग असतो, तो ओढीला अडथळा करतो म्हणून लोक सरळ कापून टाकतात. कापलेला परत येत नाही.

साफसफाई, कीट काढणं, गंज घालवणं याला हरकत नाही. माल काढून टाकणारं काम वेगळं. आधी पाईप ओळखा, शिक्के वाचा, आत मूळ सुटा भाग होता का ते शोधा. ज्या पाईपला तसा इतिहास नाही आणि जो रोज वापरायचा आहे, त्याला खुशाल कानस लावा. संग्रहाचा असेल तर आतून फक्त स्वच्छ करा आणि पॉलिशही टाळा, कारण मूळ हत्यारांच्या खुणाच कधी कधी पाईप कोणत्या काळातला ते सांगतात.

---

कानसवाला

जुन्यावस्तू, पूर्ण सहमत. वरचं सगळं मी वापरातल्या साध्या पाईपांबद्दल लिहिलंय. सुटी नळी किंवा धातूचा भाग असलेल्या पाईपमध्ये मी तो भाग काढून, साफ करून, पिशवीत घालून पाईपबरोबरच ठेवतो. भोकाच्या मापाला हात लावत नाही.

---

गाठीचंलाकूड

लाकडाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी जमिनीखाली वाढणारी गाठ. भूमध्य समुद्राच्या आसपास मिळते. ती कापून तासन्‌तास उकळतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. हे लाकूड उष्णता सोसतं आणि ओलावा शोषून हळूहळू सोडतं. दांड्याच्या आतल्या भिंतीचं कामच ते आहे. म्हणून दांड्यात पॉलिशचं कंपाउंड अजिबात घालू नये. एबोनाईटवरचं कंपाउंड साबणाने निघतं. लाकडाच्या छिद्रांत गेलेलं निघत नाही, आणि लाकूड साबणपाण्यात भिजवताही येत नाही.

ड्रिलच्या रेघा फारच खोल असतील तर गोल काडीला ४०० चा पॉलिश पेपर गुंडाळून कोरड्यानेच दोन-चार फेरे, मग फुंकून आणि अल्कोहोलच्या क्लीनरने पुसून काम संपवावं. वाटीच्या तळाशी जिथे भोक उघडतं तिथली कड मात्र बघा. तिथे लाकडाचा उभा तंतू राहिला असेल तर राख अडकते. तो काढावा, पण भोकाचं तोंड वाटीकडे रुंद करू नये, तंबाखूचे कण आत ओढले जातात.

---

रंधा

गाठीचंलाकूड, कंपाउंड नको हे मान्य. पण दांड्यातल्या रेघा पेपरने घालवणंही मला गरजेचं वाटत नाही. वापरात आलेल्या पाईपमध्ये काही दिवसांत भिंतीवर पातळ थर बसतो आणि रेघा त्याखाली जातात. नव्या पाईपचा कारागीर ते करतो हे ठीक, पण जुन्या पाईपमध्ये ताजं लाकूड उघडं केलं की काही दिवस कच्च्या लाकडाची चव येत राहते.

अबोली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल नको. ताण असलेल्या जागी, म्हणजे टेननच्या मुळाशी आणि बटणाजवळ, त्याने केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या आधी दिसत नाहीत, उजेडात तिरक्या धरल्यावर चमकतात आणि मग तिथूनच टेनन तुटतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ क्लीनर पुरतात. पॉलिश करायला अ‍ॅक्रिलिक सोपं आहे, एबोनाईटपेक्षा कडक असल्याने दोऱ्याने खाच पडायलाही वेळ लागतो. पण १०० अंशांच्या आसपास ते मऊ होतं, म्हणून हाताचाच वेग ठेवा. द्रावकाची वाफ देऊन आतून चकाकी आणायचा प्रकार कुठे वाचलात तर त्या वाटेला जाऊ नका. ती द्रव्यं विषारी आहेत आणि ही वस्तू तोंडात जाते.

शिंगाला पाणी नको. शिंग पाणी पिऊन फुगतं आणि थरांत उकलतं. कोरड्या क्लीनरने साफ करा, फार तर अल्कोहोलने किंचित ओलसर केलेला क्लीनर फिरवून लगेच पुसा. आतून पॉलिश करायचंच असेल तर सुक्या दोऱ्यावर अगदी बारीक पावडर. अंबरचं स्टेम हाती आलं तर अल्कोहोल पूर्ण वर्ज्य आणि घासणंही नाही. ते फार ठिसूळ असतं.

मीरशॉमच्या (एका मऊ, पांढऱ्या खनिजाच्या) दांड्यालाही यातलं काही करू नये. ते दगडासारखं दिसलं तरी ओलं झालं की मऊ पडतं, आणि बिट फिरवला तर भोकच मोठं होतं.

---

अबोली

खूप उपयोगी, रंधा. शिंगाचं स्टेम परवाच पाण्यात भिजत घालणार होते, तुमचा प्रतिसाद वेळेवर आला.

---

धूम्ररेखा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे क्रमाने केलं, त्याचा वृत्तांत.

रंधा म्हणाले तसं आधी कीट. जो पृष्ठभाग मी एबोनाईट समजून चाललो होतो त्यातला बराचसा भाग अल्कोहोलमध्ये विरघळून आला. तरी क्लीनर अडायचा तिथेच अडत होता. टॉर्च लावल्यावर कानसवाला यांनी वर्णन केलेली आडवी सावली स्वच्छ दिसली, डाव्या बाजूला जास्त, उजवीकडे कमी. म्हणजे फट मधोमध पाडलेलीच नव्हती. डावीकडून जास्त माल काढत सुई-कानसेने दोन्ही बाजू सारख्या केल्या. मग पाती, मग दोरा. कापूस आता अडकत नाही, क्लीनर तोंडाकडून थेट टेननच्या बाहेर येतो आणि शीळ पूर्ण गेली.

यंत्रविद्या, तुमचा अंदाज बरोबर निघाला. टेनन आणि मॉर्टिसचा तळ यांत जवळपास अडीच मिमी अंतर आहे. तळाशी कीटाचं कडंच जमलेलं होतं, बिटने खरवडून काढलं. टेननच्या टोकाचं भोक ३ मिमी आणि दांड्याचं ४ मिमी, म्हणजे तिथेही पायरी आहे. या दोन्हींचं काय करावं?

---

कानसवाला

टेननच्या टोकाला आतून उतार द्या. शंकूच्या आकाराचा काउंटरसिंक बोटांत धरून हलके फिरवा, नंतर त्या उतारालाही ६०० आणि १००० ने साफ करा. मात्र टोकाची भिंत ब्लेडसारखी पातळ होऊ देऊ नका. साधारण १ मिमी जाडी शिल्लक राहिली पाहिजे, नाहीतर स्टेम बसवता-काढताना टोकाचा तुकडा उडतो.

अडीच मिमीच्या पोकळीसाठी एबोनाईटच्या कांडीतून कडं कापा. बाहेरचा व्यास मॉर्टिसमध्ये सरकून बसेल असा, आत ४ मिमीचं भोक, लांबी सुमारे २ मिमी. चिकटवायचं नाही. ते तळाशी बसेल आणि साफ करताना बाहेर काढता येईल. अर्धा मिमी मोकळं राहायलाच हवं. पाईप तापल्यावर आणि ओलसर झाल्यावर लाकूड हलतं, तेव्हा टेनन तळाला टेकलं तर स्टेम आणि दांडा यांच्यात बाहेरून फट दिसायला लागते.

---

जुन्यावस्तू

कड्याचा उपाय आवडला. मूळ पाईपमधलं काहीही न काढता काम होतंय आणि उद्या कुणाला हवं तर कडं काढून पाईप होता तसा करता येईल.

---

पाऊलखुणा

उशिरा आलो. माझ्याकडे पीटरसनचा सिस्टिम पाईप आहे, पी-लिप स्टेमवाला. त्याचं भोक तोंडाकडे समोर न उघडता वरच्या बाजूला उघडतं. कानस किंवा पाती आत जाऊच शकत नाही. आणि दांड्यात टेननखाली चांगला मोठा खड्डा आहे. तिथेही कडं घालायचं का?

---

यंत्रविद्या

नाही, तो खड्डा मुद्दाम ठेवलेला आहे. सिस्टिम पाईपचं पेटंट १८९० चं, त्यात धुरातलं पाणी त्या टाकीत साठावं अशीच योजना आहे. वाट अचानक रुंदावली की पाणी सुटतं, त्या गोष्टीचा तिथे उपयोग करून घेतलाय. तो भरला तर पाईपचं कामच बंद पडेल. टाकी फक्त साफ ठेवा. प्रत्येक वेळी ओढून झाल्यावर, पाईप थंड झाला की स्टेम काढून कागदाची गुंडाळी आत फिरवायची.

---

कानसवाला

पी-लिपला (१८९८ चं पेटंट) फटच नसते, त्यामुळे गोल भोक आणि चपटी फट यांच्यातला उंबरठाही नसतो. भोक टेननकडे रुंद आणि ओठाकडे हळूहळू अरुंद होत जातं. त्याला दोराच पुरतो. टेननकडून पातळ तार घाला, ओठाच्या भोकातून वर येऊ द्या, तिला तीन पदरी सूत बांधून ओवून घ्या. मात्र इथे दोरा पुढे-मागे ओढायचा नाही, कारण वरच्या वळणावर तो एकाच बाजूला घासतो आणि गोल भोक लांबट होतं. पॉलिश लावून फक्त टेननच्या दिशेने ओढा, मग परत ओवा, आणि दर ओढीला स्टेम थोडं फिरवा. ओठाच्या भोकाची कड कानसेने नव्हे, तर १००० च्या पेपरची बारीक गुंडाळी टोकाला फिरवून मऊ करा. तेवढंच पुरे.